सत्तर कोळंब्या

व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘कोळंबी किती उरली?’ हा विषय वाचून काही श्रोत्यांना सोड्यांची खिचडी आठवली असेल. वक्त्याची त्याला मुळीच हरकत नाही. पण आजची गोष्ट कोकणापासून फार लांबची आहे. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, त्याच्या नावानं ओळखलं जाणारं थंड पाण्याचं आखात आहे, आणि तिथली गोष्ट सांगायची तर एका जप्त केलेल्या बोटीपासून सुरुवात करावी लागते.

ग्लोरिया मिशेल हे त्या बोटीचं नाव. ती बांधली गेली कोळंबी धरायला. पुढे अमली पदार्थांच्या तस्करीत सापडली, सरकारनं ताब्यात घेतली आणि मत्स्यशास्त्रज्ञांच्या हवाली केली. मग १९८० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात ही बोट मेनच्या आखातात कोळंबीची पाहणी करू लागली. गुन्ह्यात पकडलेली बोट आयुष्यभर पंचनामे करत फिरली, असं म्हणायला हरकत नाही.

या पाहणीची रीत बाहेरच्या माणसाला थोडी वेडगळ वाटते. आखाताचे खोलीप्रमाणे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात जाळं कुठे टाकायचं ते चिठ्ठी काढावी तसं ठरवायचं. चांगली जागा, वाईट जागा असा विचार करायचा नाही. मच्छीमार जिथे कोळंबी आहे तिथे जातो. मोजणाऱ्याला ती जिथे नाही तिथेही जावं लागतं. जाळं दर वर्षी त्याच बनावटीचं, ओढायचा वेळ पंधरा मिनिटं, आणि तोही फक्त दिवसा. कारण ही कोळंबी अंधार पडला की तळ सोडून वरच्या पाण्यात चरायला जाते आणि तळावरून ओढलेलं जाळं रिकामं येतं. रात्री मोजणी केली तर शास्त्रज्ञ सकाळी ‘कोळंबी संपली’ असं जाहीर करून मोकळे होतील.

जाळं वर आलं की डेकवर ढीग पडतो. त्यातून इतर मासळी बाजूला काढायची, कोळंबीचं वजन करायचं, त्यातला एक वाटा टेबलावर घ्यायचा आणि कॅलिपरनं एकेक मोजायची. मोजमाप डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या काठापर्यंत. शेपूट धरत नाहीत, कारण ती वळते, मोडते. मग तीच कोळंबी उताणी करून तिच्या पोहायच्या पायांची पहिली जोडी बघायची. त्या पायाच्या आतल्या पाकळीचा आकार सांगतो, की हा नर आहे, मादी आहे, की एकातून दुसऱ्यात जायच्या वाटेवर आहे. मादी निघाली तर पोटाखालचे बारीक काटे बघायचे. शाबूत असतील तर तिनं अजून एकदाही अंडी धरलेली नाहीत. नाहीसे झाले असतील तर ती पोक्त.

‘वाटेवर आहे’ हे शब्द चुकून आलेले नाहीत. पँडेलस बोरिॲलिस असं शास्त्रीय नाव असलेली ही उत्तरेकडची कोळंबी आधी नर म्हणून वाढते. अडीच वर्षांच्या सुमारास नर म्हणून वयात येते, साडेतीनच्या सुमारास मादी होते आणि पाचाच्या पलीकडे क्वचितच जगते. मराठीत कोळंबी हा शब्द स्त्रीलिंगी आहे. मेनच्या आखातात तो आयुष्याच्या उत्तरार्धातच खरा ठरतो.

हा नुसता गमतीचा तपशील नाही. माद्या उन्हाळा सरता सरता अंडी पोटाखाली धरतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याकडे येतात. उथळ, थंड पाण्यात अंडी फुटतात. नेमक्या त्याच वेळी लॉब्स्टरचा हंगाम मंदावलेला असतो, त्या धंद्यातल्या छोट्या बोटी रिकाम्या असतात, आणि किनाऱ्याजवळ मोठी, भरलेली कोळंबी आयती येऊन थांबलेली असते. मेनमधल्या कित्येक घरांचा जानेवारी-फेब्रुवारी या कोळंबीवर निघायचा. रस्त्याकडेला पिकअप ट्रक उभा करून बर्फाच्या थंडीत ती विकली जायची. धंदा बघायला साजरा, पण हिशेब कठीण. जाळ्यात येतात त्या बहुतांशी आया. आणि आज पिल्लं कमी निपजली, तर मच्छीमाराला त्याचा पत्ता तीन-चार वर्षांनी लागतो, ती पिल्लं मादी होऊन किनाऱ्याला यायला हवी तेव्हा.

म्हणूनच आजची कोळंबी किती यापेक्षा कुठल्या वयाची किती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आणि इथेच कोळंबी दगा देते. माशाच्या कानात एक खडा असतो; तो कापला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात आणि वय मोजता येतं. कोळंबी वाढताना कात टाकते आणि कवचाबरोबर आपला सगळा इतिहास समुद्रात फेकून देते. २०१२ साली कॅनडातल्या संशोधकांनी डोळ्याच्या देठात अशी वलयं सापडतात असं मांडलं, पण त्यावर वाद सुरू आहे. तोवर जुनाच मार्ग: हजारो लांब्या मोजायच्या, आलेख काढायचा, आणि त्यात डोंगरांची रांग दिसते का ते बघायचं. लहान कोळंबीचा एक उंचवटा, म्हणजे गेल्या वर्षीची पिल्लं. पुढचा त्याच्या आदल्या वर्षीची. दर उन्हाळ्यात डोंगर उजवीकडे सरकत जातो. एखाद्या वर्षी पहिला डोंगर उगवलाच नाही, तर अनुभवी माणूस तिथेच चष्मा काढून पुसतो.

जाळ्यात आलेल्या मालावरूनच समुद्रात किती उरलं हे सांगता येणार नाही का? सांगता येतं, पण त्या उत्तरात एक खोट असते. तळं आटत आलं की उरलेले मासे शेवटच्या डबक्यात गोळा होतात. ते डबकं उपसणारा म्हणतो, यंदा काय मासळी आहे! हिवाळ्यात किनाऱ्याला दाटीवाटीनं आलेल्या कोळंबीचं हेच होतं. एकूण साठा निम्म्यावर आला तरी दाटी तशीच राहते आणि जाळं भरतच जातं. बंदरावरचा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला दिसतं ते तो सांगतो.

घटत्या मालावरून मूळ साठा काढायची एक सुंदर युक्ती आहे आणि तिचा जन्म समुद्रावर झालेला नाही. १९३९ साली लेस्ली आणि डेव्हिस या दोघांनी ती पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउन शहरात उंदीर मोजायला वापरली. समजा, तेवढेच सापळे रोज लावले. पहिल्या दिवशी १०० उंदीर सापडले, दुसऱ्या दिवशी ८०, तिसऱ्या दिवशी ६४. दर दिवशी पाचवा हिस्सा कमी होतोय, म्हणजे सापळे उरलेल्यांपैकी पाचवा हिस्सा पकडताहेत. पहिल्या दिवशीचे १०० हा पाचवा हिस्सा, तर सुरुवातीला एकंदर उंदीर ५०० असले पाहिजेत. १९४७ साली डीलरी यानं हे गणित मत्स्यशास्त्रात रुजवलं आणि पुढची कित्येक गणितं याच खोडाच्या फांद्या आहेत. अट मात्र एक: मधल्या काळात शेजारच्या वाड्यातून नवे उंदीर यायचे नाहीत, आणि मांजरानं अचानक जास्त खायचं नाही.

ते मांजर जरा लक्षात ठेवावं. मेनमध्ये ते पुढे येणार आहे.

पकडीवर मर्यादा घालायचं सूत्र तत्त्वतः सोपं आहे. साठ्यातून दर वर्षी काही कोळंबी आपोआप मरते: कॉड खातो, हेक खातो, वय होतं. काही माणूस नेतो. पिल्लांच्या रूपानं भर पडते. माणसानं इतकंच न्यावं की उरलेल्या माद्या पुढची पिढी उभी करू शकतील. पाहणीतून साठ्याचा अंदाज, बंदरांवरून पकडीचा आकडा, आणि आपोआप मरणाऱ्यांसाठी एक गृहीत दर, हे तिन्ही गणितात घातले की टनांचा आकडा बाहेर येतो. यातला तिसरा घटक मोजता येत नाही. तो मानायचा असतो, आणि वर्षानुवर्षं तो एकच मानला जायचा.

मेन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स ही तीन राज्यं एका आंतरराज्य आयोगामार्फत हा आकडा ठरवत आली. त्यांना एक जुनी ठेच लागलेली होती. १९६९ साली पकड सुमारे १२,८०० टनांवर पोचली होती, पुढच्या काही वर्षांत ती कोसळली आणि १९७८ साली मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली. तेव्हा साठा सावरला. त्यामुळे ‘बंद ठेवलं की परत येते’ हा अनुभव बंदरावरच्या पिढीच्या गाठीशी होता.

२०१० नंतर मात्र मर्यादा कागदावर आणि कोळंबी ट्रकमध्ये असं चित्र दिसू लागलं. २०१० च्या हंगामाची मर्यादा ४,९०० टन होती, पकड ६,००० टनांपलीकडे गेली. २०११ साठी ४,००० टन ठरले, पकड पुन्हा ६,००० च्या वर. इथे कुणी चोरी केली असं नव्हे. बोटी वाढल्या, माल भराभर उतरला, आणि किती उतरला याचे आकडे आयोगापर्यंत पोचून हंगाम मिटवायचा हुकूम निघेपर्यंत उशीर झाला. टाकी भरली का हे बघायला जाईस्तोवर ती ओसंडून वाहावी, तसा हा प्रकार. मर्यादा ठरवणारं गणित कितीही बारीक असलं तरी वजनकाट्यावरचा कागद आठवडाभर उशिरा येत असेल तर त्या बारकाव्याला अर्थ उरत नाही. वक्त्याच्या मते साठ्याच्या मूल्यमापनावरच्या भाषणांत हा भाग नेहमी एका वाक्यात उरकला जातो, आणि ते चूक आहे.

२०१३ चा हंगाम सर्वांत बोलका. मर्यादा ६२५ टन होती, पकड झाली साडेतीनशे टनांच्या आसपास. हंगाम आवरायला आयोगाची गरजच पडली नाही. मर्यादेआधी कोळंबी संपली. त्याच उन्हाळ्यात ग्लोरिया मिशेलवरच्या टेबलाशी आलेला आकडा १९८४ पासूनच्या नोंदींत सर्वांत खालचा होता. आलेखातले पहिले डोंगर लागोपाठ काही वर्षं उगवलेच नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये मासेमारी बंद करायचा निर्णय झाला. तीन दशकांहून जास्त काळानंतर पहिल्यांदा.

आणि या वेळी कोळंबी परत आली नाही.

बंदीची पहिली काही वर्षं गेली तरी पाहणीतले आकडे तळाशीच राहिले. बोटी थांबल्या होत्या, तरी कोळंबी मरतच होती. मग शोध सुरू झाला तो मांजराचा. मेनचं आखात हे या जातीच्या अटलांटिकमधल्या वावराचं दक्षिणेकडचं टोक. पाणी थोडं तापलं की तिच्यासाठी घर अडचणीचं होतं. २०१२ साली वायव्य अटलांटिकमध्ये उष्णतेची जबरदस्त लाट आली. २०१५ च्या एका प्रसिद्ध अभ्यासानुसार हे आखात आदल्या दशकभरात जगातल्या जवळजवळ सगळ्या समुद्रांपेक्षा जास्त वेगानं तापलं होतं. २०२१ साली ॲन रिचर्ड्स आणि मार्गारेट हंटर या दोन शास्त्रज्ञांनी एक धागा पुढे ठेवला: २०१२ च्या त्या उबदार वर्षी लांब परांचा माकूळ आखातात मोठ्या संख्येनं घुसला, आणि माकूळ हा कोळंबीचा हावरा गिऱ्हाईक. एरवी दक्षिणेकडे राहणारा हा पाहुणा नेमका कोळंबीच्या अंगणात उतरला. त्याच तापत्या पाण्यात मेनचा लॉब्स्टर मात्र अनेक वर्षं भरभरून मिळत होता. एकाच आखातात एकाला सुगी आणि दुसऱ्याचा दुष्काळ.

गणिताच्या अंगानं बघितलं तर हा मोठा पेच होता. आपोआप मरणाऱ्यांचा दर एकच धरलेला असेल आणि प्रत्यक्षात तो वाढला असेल, तर गणित नाहीशी झालेली कोळंबी कुणाच्या तरी खात्यावर टाकणारच. ती मच्छीमाराच्या खात्यावर पडते, नाहीतर आपण साठा मुळातच जास्त धरला होता असं निघतं. काही काळ शास्त्रज्ञांनी मॉडेल बाजूला ठेवून सिग्नलच्या दिव्यांची पद्धत वापरली: साठा, पिल्लं, पाण्याचं तापमान, शिकारी मासे, प्रत्येकाला लाल, पिवळा नाहीतर हिरवा. वर्षामागून वर्ष तक्ता लाल होत गेला. २०१८ साली मेन विद्यापीठात तयार झालेलं, लांबीवर चालणारं नवं मॉडेल स्वीकारलं गेलं. पण मॉडेल नवं असो की जुनं, तापत्या समुद्रात मागच्या सरासरीवर पुढचा आकडा बेतता येत नाही, ही गोष्ट आता सगळ्यांना दिसली होती.

यावर काही मच्छीमारांचा आक्षेप होता, आणि तो ऐकण्यासारखा आहे. ते म्हणत, शास्त्रज्ञ उन्हाळ्यात खोल पाण्यात जाळं टाकतात; कोळंबी हिवाळ्यात कुठे येते हे आम्हाला ठाऊक आहे, तिथे येऊन बघा. शिवाय बंदीनं स्वतःच एक आंधळेपणा आणला होता. मासेमारी चालू असते तेव्हा बंदरावर रोज हजारो किलो माल उतरतो आणि तो मोजमापाचाच भाग असतो. मासेमारी थांबली की तो डोळा मिटतो. २०२० साली कोविडमुळे उन्हाळी पाहणीही झाली नाही. कोळंबी वाचवायला घातलेल्या बंदीमुळेच कोळंबीची खबर येणं कमी झालं.

हा पेच सगळीकडे सारखा नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटारियाच्या आखाताच्या परिसरातही मोठी कोळंबी-मासेमारी चालते. तिथल्या बनाना कोळंबीचं पीक आदल्या पावसावर ठरतं, म्हणून तिला आधीच टनांची मर्यादा घालण्याच्या फंदात कुणी पडत नाही. हंगाम सुरू करायचा, बोटीमागे रोज किती येतंय ते बघायचं, आणि ठरलेल्या रेषेखाली गेलं की हंगाम मिटवायचा. टायगर कोळंबीचं गणित मात्र चांगलं बारीक असतं आणि त्यात जास्तीत जास्त टनांऐवजी जास्तीत जास्त नफ्याचं लक्ष्य धरतात. नफ्यासाठी समुद्रात कोळंबी जास्त शिल्लक ठेवावी लागते, कारण दाट कोळंबी कमी डिझेलमध्ये सापडते. पण हे जमलं ते बोटी कमी केल्यावर: एके काळी तीनशेच्या आसपास असलेला ताफा आता ५२ बोटींवर आला आहे.

आणि आपल्याकडे? जवळ्याला टनांची वार्षिक मर्यादा घालायची तर आधी विचारावं लागेल, की जो जीव वर्षभरही जगत नाही त्याच्या गेल्या वर्षीच्या साठ्यावरून यंदाचं काय सांगणार? भरती-ओहोटीच्या ओढीत उभ्या असलेल्या डोल जाळ्यात जवळा, करंदी, कोळंबी, बोंबील, लहान पापलेट सगळं एकत्र येतं. कोळंबीपुरती मर्यादा संपली म्हणून डोलीला सांगून ती बाजूला काढणार कशी? म्हणून आपल्या किनाऱ्यावर टनांची मर्यादा नाही. आहे ती १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी, जाळ्याच्या आसाचे नियम, आणि काही जातींसाठी ठरवलेले किमान आकार.

मोजणी मात्र आहे, आणि ती जुनी आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं बंदरांवर जाऊन, नमुन्यासाठी निवडलेल्या दिवशी निवडलेल्या बोटींचा माल मोजतात. ससून डॉकवर पहाटे टोपल्यांच्या गर्दीत उभं राहून जातवार नोंद करणं हे कॅलिपरच्या कामापेक्षा सोपं नाही. याच संस्थेनं २०२२ च्या स्थितीवर दिलेल्या अहवालात १३५ साठे तपासून ९१.१ टक्के सुदृढ असल्याचं म्हटलं. आकडा दिलासा देणारा आहे. पण तो मुख्यतः किनाऱ्यावर उतरलेल्या मालावर उभा आहे आणि बोटीवरून समुद्रातच फेकून दिलेली बारीक कोळंबी कुठल्याच टोपलीत येत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेच्या बोटी समुद्रात पाहणी करतात. तीच रीत, तेच जाळं, तोच हंगाम धरून चाळीस वर्षं एकाच कोळंबीचा पाठलाग करणारी मेनसारखी नोंद करंदीच्या वाट्याला यावी, असं वक्त्याला मनापासून वाटतं. अरबी समुद्रही तापतो आहे. आपलं मांजर कोणतं, हे कळायला आधीच्या वर्षांचे आकडे हाताशी लागतील.

मेनमध्ये शेवटी मच्छीमारांचा आक्षेप मान्य झाला. २०२५ च्या हिवाळ्यात निवडक बोटींना जाळी आणि सापळे घेऊन पाण्यात जायची परवानगी मिळाली. धंद्यासाठी नव्हे, नमुने आणण्यासाठी. जाणारे लोक त्याच किनाऱ्यावर कोळंबी धरून हात पिकलेले. पकडायची मुभा होती साडेसव्वीस टनांची, म्हणजे नशीब उघडलंच तर माल ठेवायला जागा असावी इतकी. महिना हिवाळ्याचा, पाणी किनाऱ्याजवळचं, वेळ माद्या येण्याची.

सगळ्यांच्या सगळ्या फेऱ्यांत मिळून सत्तर कोळंब्या आल्या. वजन तीन पौंडांच्या आत, म्हणजे दीड किलोही नाही. आपल्याकडे कोळीण एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालते तेवढी. डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाची बैठक झाली आणि मासेमारी २०२८ पर्यंत बंद ठेवायचं ठरलं. साडेसव्वीस टनांपैकी उरलेली मुभा तशीच कागदावर राहिली.